मान आणि पाठ

मंगलचं सूर्यफूल शुक्रवारी कापलं गेलं असतं, तर तिच्या थोरल्या दिरांचा, मारुतीरावांचा, तिहेरी फायदा होता. कापणी-मळणीचं मशीन एकाच खेपेत दोन्ही शेतं उरकणार, वळवाची धास्ती मिटणार, आणि वाटणी झाली तरी धाकट्या भावाच्या शेतात शब्द आपलाच चालतो हे अख्ख्या कडोली गावाला दिसणार. पहिले दोन फायदे ते बोलून दाखवत. आले होते तिसऱ्यासाठी.

धाकटा परशराम बेळगावला, उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला. ‘आण्णा म्हणतील तसं’ एवढं मोटरसायकलवरूनच सांगून तो गेलेला. शेत पेरणीपासून बघत होती ती मंगल, त्याची बायको.

बांधावरून मारुतीरावांनी फुलांकडं हात केला. "सगळ्यांनी माना टाकल्यात बघ. तयार झालंय. उद्या मशीन येतंय."

मंगलनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं. या घरात सुनेनं मान खाली घातली की होकार धरतात. वाटणीत विहिरीकडची पट्टी अशीच गेली होती. मारुतीराव समाधानानं वळले.

"आण्णा, मान खाली घातली म्हंजे तयार झालं, असं न्हाय. पाठ बघा." तिनं एक फूल उलटं करून धरलं. पाठ हिरवीगार होती. "ही पिवळी हून कडंनं तपकिरी पडली की कापायचं. अजून दाणा भरतोय."

"वळीव आला तर?"

"भिजंल. माझं भिजंल."

"परशा व्हय म्हणालाय."

"मग त्यांची पाठ बघा. पिकली असंल तर त्यांना न्या कापून."

शेजारच्या रानातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मारुतीरावांना हसू सोसत नाही. एकाच दिवशी पेरलेलं आपलं फूल त्यांनी शुक्रवारी ठसक्यात कापून घेतलं.

मंगल रोज सकाळी फुलं उलटी करून बघायची आणि पोपटांवर डबा बडवायची. वळीव गरजला, आणि बेळगावकडं जाऊन पडला. पाठी तपकिरी झाल्या तेव्हा तिनं विळा काढला.

मारुतीरावांनी ठसक्याचं मोल पोचट दाण्यांत चुकतं केलं. थांबण्याचं मोल म्हणून मंगलची बांधाकडची ओळ पोपटांनी नेली. एकट्या शेतासाठी मशीन परत येईना, म्हणून बाकीचा सगळा भरणा परशरामानं केला: सुट्टीचा अख्खा दिवस काठीनं फुलं बडवत, मान खाली, पाठ उन्हात.