गोल बुडाचे प्याले

मेहुणी आली ती दारातूनच कबुली देत. "भावोजी, रागावू नका. चर्चमधले प्रभुभोजनाचे सत्तावीस काचेचे प्याले फोडले मी. एका फटक्यात."

"शाबास," दादा म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसले.

सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचं हे असंच चाललं होतं. तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेसाठी काचेची उपकरणं घडवलेला माणूस! काचेची नळी ज्योतीत धरायची, दोन्ही हातांनी एकाच वेगाने फिरवायची आणि मऊ झाली की फुंकायची, हे त्यांचं काम. आता उजवा हात डाव्याच्या मागे राहायचा, आणि हातांच्या वेगात जरासा फरक पडला तरी काच पिळवटते. ओठांचा उजवा कोपरा सैल पडल्यामुळे फुंकरही निसटायची. शेवटी मागच्या खोलीतल्या बर्नरवर त्यांनी जुनी चादर टाकली, आणि देवावरही टाकल्यासारखीच. "त्याला नेमका माझा हातच सापडला?" असं एकदा म्हणाले होते. तेव्हापासून बायको रविवारी एकटीच चर्चला जायची.

"नवे विकत आणा की," दादा म्हणाले.

"या भोकांत बसतील असे कुठे मिळत नाहीत." मेहुणीने चाळीस भोकांचं लाकडी तबक त्यांच्या मांडीवर ठेवलं. जुने तेरा प्याले तेवढे त्यात उरले होते. "मी पाळकसाहेबांना सांगून बसलेय, भावोजी करून देतील म्हणून."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"आमच्या माहेरात तीच एक हुशार," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

शेवटी दादांनी बर्नरवरची चादर काढली. पहिल्या दिवशी चार नळ्या पिळवटल्या. पाचवी वाकडी व्हायला लागली तेव्हा त्यांच्या तोंडून चिडूनच निघालं, "प्रभू, सांभाळ!" आणि नळी सरळ झाली.

दादा चमत्कारावर चटकन विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी सहावी नळी घेतली आणि तेच पुन्हा, मुद्दाम सावकाश म्हणून पाहिलं. 'प्रभू' म्हणताना डावा हात फिरत होता. 'सांभाळ' म्हणेपर्यंत तो थांबत होता आणि उजवा त्याला येऊन गाठत होता. सहा महिने ते उजव्या हाताला घाई करत आले होते. डाव्याला जरा थांब म्हणावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

मग रोज दोन-दोन प्याले होऊ लागले. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात रबरी नळी धरून ते फुंकायचे. काच तडकू नये म्हणून तयार प्याला गरम राखेत पुरला की तो निवेपर्यंत करण्यासारखं काही नसे. त्या वेळात ते देवाशी बोलू लागले. पहिले काही दिवस नुसतं भांडण होतं. बायको दाराआड उभी राहून ऐकायची आणि मनात म्हणायची, भांडतायत म्हणजे बोलणं सुरू झालं. पुढे आवाज उतरला. एका सकाळी तर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. घाबरून तिने डोकावलं, तर दादा डोळे मिटून स्वस्थ बसले होते. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आठी नव्हती.

प्रभुभोजनाच्या रविवारी ते बायकोबरोबर निघाले. "माझं काम कसं बसलंय ते बघायला येतोय," त्यांनी बजावलं.

काम फारच छान बसलं होतं. सत्तावीस नवे प्याले तबकात झुलत नव्हते, अडकतही नव्हते. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घोटभर द्राक्षरस भरलेले चाळीस प्याले रांगारांगांतून फिरले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि सगळ्यांनी एकदम प्याला ओठांना लावला. पुढच्या बाकावर बसलेल्या मेहुणीने रिकामा प्याला समोरच्या फळीवर ठेवला. तो आडवा झाला, डुगडुगला आणि घरंगळत निघाला. तिने तो झेलला तोवर मागे तिघांचे घरंगळले होते.

दादांच्या आत्ता लक्षात आलं. तीस वर्षं परीक्षानळ्या केलेल्या हातांनी एकूण एक प्याल्याचं बूड परीक्षानळीसारखं गोल केलं होतं! तबकाच्या भोकांत कुणाला पत्ता लागला नव्हता.

"नव्या प्यालेवाल्यांनी प्याले हातातच धरा," पाळकसाहेब गंभीरपणे म्हणाले. त्यांच्याही हातात गोलच होता. "आता उठून गीत गाऊ."

गंमत पुढे झाली. एका हातात प्याला, दुसऱ्यात गीतांचं पुस्तक, मग पान उलटायचं कसं? जुने प्याले मिळालेल्या तेरा जणांचे हात मोकळे होते. ते इकडेतिकडे वाकून शेजाऱ्यांची पानं उलटू लागले. कुणी हसू दाबत होतं, कुणाचं कडवंच चुकत होतं. दादांच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांनी स्वतःच्या बायकोचं पान उलटलं, मग दादांचं, मग पुढच्या बाकावरच्या डॉक्टरीणबाईंचं, पत्रं वाटावीत तितक्या सहज. दादांकडे वेगळ्या नजरेने कुणीच बघत नव्हतं. बहुतेक जण एका हाताचे झाले होते. दादांनी तोंड उघडलं. शब्द जरा बोबडे आले, पण आले, आणि त्या गोंधळात ते खपूनही गेले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते मोठ्याने गात होते, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नाही याची पर्वा न करता.

बाहेर आल्यावर मेहुणीने गाठलंच. "भावोजी, आज आम्ही परीक्षानळीतून प्रभुभोजन घेतलं का हो?"

"असू देत," पाळकसाहेब म्हणाले. "आज माणसं माणसांना किती धरून होती! राहू देत हे प्याले असेच."

"छे, छे! ती माझी चूक आहे पाळकसाहेब, तुमचं प्रवचन नव्हे," दादा उसळले. "उद्याच सगळे परत पाठवा. बूड तापवून पाटीवर सपाट दाबायचं. पंधरवडा लागेल. दोन हातांचं काम आहे ते."

"दोन हातांचं?" बायकोने जपून विचारलं.

"मग? दोन आहेत की मला," दादा म्हणाले. "एक जरा सावकाश चालतो, एवढंच."

बायकोला एकदम इतकं हसू आलं की पायरीवर बसावंच लागलं.