गल्लीतल्या घरांची नावं

मुकबिलनं लाथेनं दार उघडलं तेव्हा लुत्फिया पाट्यावर मिरची-टोमॅटो वाटत होती. त्याच्यामागून आणखी दोघं आत घुसले. तिघांच्याही गालात नशेच्या पाल्याचा बोकणा, खांद्याला बंदुका. मुकबिल काही परका नव्हता. समोरच्या घरातला, हिच्याच जिन्यावर खेळून मोठा झालेला. आता गल्लीच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांआड त्याचं ठाणं होतं आणि त्याच्या तोंडातून शब्द निघाला की माणूस उठायचा किंवा आडवा व्हायचा.

“कुठाय तो?”

“अरे मुकबिल, बाळा, आधी सलाम तरी...”

“बाजूला हो मावशी. आज मला कोणी मावशी नाही.”

आवाज ऐकून तिचा मुलगा नशवान आतल्या खोलीतून बाहेर आला. ‘काय झालं’ एवढंही त्याला विचारता आलं नाही. बंदुकीचा दस्ता जबड्यावर बसला आणि तो भिंतीवर आपटून खाली घसरला. तोंडातून रक्ताबरोबर दात पडला.

मुकबिलनं फडताळावरची डबी खेचून फरशीवर आपटली आणि टाचेखाली चिरडली. तिचा हिरवा दिवा विझला.

डबी म्हणजे एक छोटासा संगणक होता, साबणाच्या वडीएवढा. त्यांच्या शहराला, ताइजला, वेढा पडला, त्या वर्षी आधी वीज गेली, मग टेलिफोन गेला, मग बाहेरचं इंटरनेटही गेलं. लढाईआधी गल्लीतल्या बायका गच्चीवरून गच्चीवर हाका मारायच्या. कुणाकडे कॉफीचे दाणे भाजले की वास आधी पोचायचा आणि बोलावणं मागून. संध्याकाळी चार घरच्या रोट्या एका तंदुरात भाजल्या जायच्या. पण टेकडीवर नेमबाज येऊन बसला आणि वाळत घातलेली चादर काढायला गेलेली कोपऱ्यावरची हूरिया त्या चादरीवरच पडली. तिला खाली आणायलाही अंधार पडेपर्यंत कुणी गेलं नाही. त्यानंतर गच्च्या मुक्या झाल्या.

तेव्हा नशवाननं घराघरांतून तारा ओढल्या, वायफाय लावलं आणि मध्ये ही डबी ठेवली. मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर आणि एका सौर पत्र्यावर ती दिवसरात्र चालायची. एखाद्या दिव्याहूनही कमी वीज खायची. काम एवढंच, नावं सांभाळायचं. यंत्रांना एकमेकांचे आकडे लागतात, माणसांना नावं. फोनवर घराचं नाव लिहिलं की डबी त्यामागचा आकडा शोधायची आणि निरोप बरोबर त्या घरात पोचायचा. ‘पाणी आलंय.’ ‘आज गोळीबार मशिदीच्या बाजूनं आहे, पोरांना सोडू नका.’ बाहेरचं जग बंद असलं तरी गल्ली चालू राहायची.

आणि घरांना नावं दिली होती ती घरातल्या बायकांची. पुरुष एक तर आघाडीवर, नाही तर कबरीत. घरात राहिल्या होत्या बायकाच. पण परक्या पुरुषासमोर बाईचं नाव कुणी घेत नाही तिथे. अमक्याची आई, तमक्याच्या घरचे, एवढंच. नशवान शिकलेला. त्याला वाटलं, गल्लीतल्या गल्लीत कोण बघतंय!

पाहिलं ठाण्यावरच्यांनी. पोत्यांआड बसून त्यांनी फोनवर गल्लीचं जाळं पकडलं आणि घरांची नावं समोर आली. कुणीतरी फिदीफिदी हसून म्हणालं, “मुकबिलभाई, तुझी बहीण आमच्या फोनात आहे.”

“बोल,” मुकबिल नशवानच्या छातीवर पाय देऊन म्हणाला, “बाकी सगळ्या घरांना थोरल्या बाईचं नाव. माझ्या घरातली थोरली माझी आत्या. मग तिचं का नाही? माझ्या बहिणीचं का?”

“आत्याला फोन कळत नाही. निरोप तीच लिहिते, म्हणून...”

“तीच लिहिते हे तुला रे कसं ठाऊक?”

मुकबिलनं नशवानचा उजवा हात पाट्यावर ओढला, मिरचीच्या लगद्यात दाबला आणि वरवंटा उचलला. हाडं मोडल्याचा आवाज लुत्फियानं ऐकला आणि मग लेकाची किंकाळी. ती मध्ये धावली, तशी दुसऱ्यानं तिला केसांना धरून मागे फेकलं. तिचं डोकं चुलीच्या कडेवर आपटलं.

“अंगणात न्या याला,” मुकबिल म्हणाला. “सगळ्यांनी बघितलं पाहिजे.”

त्यांनी नशवानला पायाला धरून फरफटत नेलं. उंबऱ्यावर त्याचं डोकं दाणकन आपटलं. मुकबिलनं बंदुकीचा खटका ओढला आणि एक गोळी त्याच्या गुडघ्यात घातली. दुसरी कुठे जाणार हे लुत्फियाला कळत होतं. आजूबाजूच्या खिडक्या किलकिल्या झाल्या होत्या, पण दार कुणी उघडलं नाही.

तिला सगळंच ठाऊक होतं. नशवाननं ते नाव का दिलं, हेही. जलीला. लहानपणानंतर त्यानं तिचा चेहरा पाहिला नव्हता, नुसते निरोप वाचले होते. ईद झाली की मागणी घालायला जायचं, हे मायलेकांचं ठरलं होतं.

“थांब!” कपाळावरचं रक्त पुसत लुत्फिया ओरडली. “भावानं बहिणीचं नाव घेतलं तर त्याला गोळी घालतोस होय रे, गाढवा?”

“कोण भाऊ?”

“ती जन्मली तेव्हा तुझी आई तापानं फणफणली होती. माझी तान्ही रीमा तेव्हा नुकतीच गेली होती आणि माझं दूध वाहत होतं. जलीलाला मी पाजलं. आठवडाभर पाजलं. दूधबहीण आहे ती त्याची!”

खरं तर तेव्हा ती त्या बाळाला पाजायला गेली होती, पण मेलेल्या पोरीचं दूध अपशकुनी म्हणून मुकबिलच्या आईनं तिला दारातून परत पाठवलं होतं. जलीला वाढली बकरीच्या दुधावर. ती आई आता मातीत होती. आत्याला सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं. खोटं म्हणायला कुणी उरलंच नव्हतं, आणि एकदा बोललेलं परत घेण्याची सोयही नव्हती. एका बाईचं दूध प्यालेल्यांचा निकाह कुठलाच काझी लावत नाही.

“आई, नको!” नशवान जमिनीवरून कण्हत म्हणाला. “असं काही नाही. मुकबिल, ती...”

लुत्फियानं पुढे होऊन त्याच्या फुटक्या तोंडावर थप्पड मारली. “गप्प बस! जिवावर उठलायस का स्वतःच्या?”

मुकबिलनं बंदूक खाली घेतली नाही. तो अल्लाला भिणारा होता, फक्त माणसांना भीत नव्हता. समोरच्या खिडकीकडे बघून तो ओरडला, “जलीला! खाली ये. दूधभावापुढे पडदा नसतो. मावशी म्हणते ते खरं असेल तर याच्यासमोर तोंडावरचा पडदा काढ. खोटं असेल तर तुला पाप, आणि याला गोळी.”

जलीला खाली आली. नखशिखान्त काळ्या बुरख्यात. कुराण शिकवायची ती गल्लीतल्या मुलींना. हराम काय आणि हलाल काय, तिला कुणी सांगायला नको होतं. ती लुत्फियाकडे बघत राहिली, मग जमिनीवरच्या रक्ताकडे.

“आईनं सांगितलं होतं मला,” ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. “लुत्फिया मावशीनं पाजलंय मला.”

आणि तिनं पडदा काढला. तोच घेऊन ती गुडघ्यावर बसली आणि नशवानच्या फुटलेल्या गुडघ्याभोवती घट्ट आवळू लागली. नशवाननं मान फिरवली, डोळे गच्च मिटून घेतले.

मुकबिल वाकला. “का रे? बहिणीकडे बघवत नाही?”

लुत्फिया खाली बसली, लेकाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड जलीलाकडे वळवलं.

“बघ बाळा,” ती म्हणाली. “बहीण आहे तुझी. बघ तिच्याकडे.”

नशवाननं डोळे उघडले.