डावी गाठ

“याची जाळी कुठंय?”

हेल्मेट उलटे करून आत रंगवलेला आकडा म्हातारीने तीनदा वाचला आणि मग हे विचारले. घड्याळजी खुशीत होता. बावीस वर्षे त्याने युद्धातली हेल्मेटे जमवली होती. सून त्यांना ‘बाबांची टकली’ म्हणायची आणि त्यांच्यावरची धूळ पुसायला साफ नकार द्यायची. पेपरात फोटो छापून आला म्हणून आज पहिल्यांदाच कुणी परके माणूस ती बघायला आले होते.

“ही काय, आहे की वर,” तो म्हणाला.

“ही नव्हे. माझ्या भावाची. आकडा त्यानं पत्रात कळवला होता, तो हाच. तेव्हा शाळेत वर्ग बंद करून आम्हा मुलींना जाळ्या विणायला बसवायचे. हेल्मेटवर पानं खोचायला लागायच्या सैनिकांना. एक मी लपवून आणली आणि निघताना त्याच्या हातात दिली. मी डावखुरी, माझ्या गाठी उलट्या पडायच्या. बाई ओरडायच्या. तो म्हणाला, बरंच झालं, माझी मला ओळखू येईल.”

“मग ते परत...”

“नाही आला. एवढंच आलंय.”

त्या उलट्या गाठी घड्याळजीला चांगल्याच आठवत होत्या. भिंगातून बघताना ‘कुठल्या डावखुऱ्याचा हा उपद्व्याप’ म्हणून तो हसलाही होता. फाटक्या जाळ्या सांधायला नवा धागा चालत नाही, लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून सगळ्यांत जास्त फाटलेली जाळी उसवायची आणि तिच्या धाग्याने बाकीच्या दुरुस्त करायच्या, ही त्याची रीत. मेलेल्या घड्याळांची चाके चालत्या घड्याळांत बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. यात काही वाईट असेल असे त्याच्या मनातही आले नव्हते. अख्खा एक हिवाळा सुईच्या टोकाने त्याने ती एकेक गाठ सोडवली होती.

जाळी मिळालीच नाही म्हणून सांगितले असते तर कुणाला कळणार होते? शब्द अगदी ओठांवर आले.

“मी उसवली,” तो म्हणाला. “तिचा धागा या बाकीच्यांत आहे.”

म्हातारी रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. ती उठली आणि फळीवरच्या एकेका हेल्मेटाला हात लावत चालली.

“यात?”

“हो.”

“यात?”

“त्यातही.”

त्याला ते सोसवेना. त्याने कात्री घेतली.

“अहो बाबा, सगळ्यांची वाट लावताय!” पाणी घेऊन आलेली सून दारातच थबकली.

“लागू दे.”

अकरा जाळ्यांना भोके पडली. टेबलावर मातकट धाग्यांचे मूठभर तुकडे जमले. सगळ्यांत लांब तुकडा वीतभरसुद्धा नव्हता. म्हातारीने त्यातले दोन उचलले आणि एकमेकांत ओवायला घेतले. पण संधिवाताने तिची बोटे वाकडी झाली होती. धागा पुन्हापुन्हा निसटत होता.

“तुम्ही मारा,” ती म्हणाली. “एकच.”

घड्याळजीने गाठ मारली. ती सुलटी पडली. सोडवून पुन्हा मारली, तरी सुलटीच. तसल्या शेकडो गाठी त्याने सोडवल्या होत्या, पण त्या पडतात कशा हे बघायचे त्याला सुचले नव्हते. तो शरमला.

“राहू द्या, बाबा,” सुनेने हळूच म्हटले.

त्याने मान हलवली. धागा डाव्या हातात घेतला. म्हातारीने दुसरे टोक आपल्या वाकड्या बोटांत घट्ट धरले.

“आता खालून घ्या,” ती म्हणाली. “सावकाश. मला घाई नाही.”