खाणीचं न्हाणीघर

खाण बंद पडली आणि गावात पाहुणे यायला लागले. डोंगर तोच, पण आता लोक लांबून हवा खायला येतात. खाणीचं न्हाणीघर होतं तिथे हॉटेलवाल्यांनी गरम पाण्याचे हौद केलेत. मी दारात बसून टॉवेल देतो. जुना खाणकामगार म्हणून मला मुद्दाम ठेवलंय. पाहुण्यांना दोन गोष्टी सांगायच्या, जरा हसवायचं.

एक प्रश्न ठरलेला. "आजोबा, तुम्हीपण इथेच आंघोळ करायचात?"

"रोज," मी सांगायचो. "नाहीतर बायको दारात उभं करत नव्हती."

लोक हसायचे.

खरं म्हणजे बावीस वर्षांत मी तिथे दहा वेळासुद्धा न्हालो नसेन. आम्ही सगळ्यात खालच्या बोगद्यातली माणसं. दगड आम्ही फोडायचो, धूळ आमच्या अंगावर जास्त. ती तशीच घेऊन भर रस्त्यानं घरी जायचं, ही आमची ऐट. न्हाऊन जाणाऱ्याला आम्ही 'नवरदेव' म्हणायचो. 'कपडे इथेच सोडा' अशी पाटी होती. तिच्या खिळ्याला आम्ही टोप्या अडकवायचो.

माझे कपडे बायको धुवायची. आधी मागच्या दारी झटकायची, कारण तसेच भिजवले तर बादलीत चिखल व्हायचा. कधी म्हणाली, "तिथेच धुऊन या ना," तर मी म्हणायचो, "मला नवरदेव करतेस का पुन्हा?" तीही हसायची.

तिचा खोकला थांबेना तेव्हा डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. तो बघून विचारलं, "तुम्ही खाणीत किती वर्षं होतात?"

"मी कुठली?" ती म्हणाली. "हे होते."

डॉक्टरनं माझीही छाती तपासली. ठणठणीत निघाली. मला तोंड कुठे लपवावं कळेना. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

त्यानंतर मुलगी दर रविवारी शहरातून येते. गेल्या रविवारी मी चष्मा घरी विसरलो, तो द्यायला ती हॉटेलवर आली. तेवढ्यात एका बाईंनी तो प्रश्न विचारला. मुलगी समोर उभी दिसत होती. तरी तोंडातून गेलंच, "रोज. नाहीतर बायको दारात उभं करत नव्हती."

मुलीनं चष्मा माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

घरी आलो तर तिची पिशवी भरलेली.

"अगं, लोकांना हसवायला म्हणून..."

"हसवा की. साहेबांवर हसवा, स्वतःवर हसवा. आई कधी तुम्हाला दारात अडवत होती, बाबा? अडवलं असतं तर आज असती."

तिनं पिशवी उचलली.

"हेच सांगत राहणार असाल तर मी येणार नाही. मला ऐकवत नाही," ती म्हणाली आणि बस पकडायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जोडपं आलं. नवऱ्यानं हसत विचारलं, "काय आजोबा, तुम्हीपण इथेच?"

"नाही," मी म्हटलं. "इथे न्हायला पाणी होतं, पण आम्हाला ऐट होती. तसाच घरी जायचो. कपडे बायको झटकायची. ती धूळ तिच्या छातीत गेली आणि त्यातच ती गेली."

तो कसनुसा झाला. त्याच्या बायकोनं टॉवेल हळूच टेबलावर ठेवला आणि दोघं परत गेली. दुपारी मॅनेजरनं बोलावलं.

"काका, लोक इथे आराम करायला येतात. हे कशाला सांगायचं?"

"त्यांनी विचारलं."

"मग उद्यापासून मागे धुलाईच्या खोलीत बसा. तिथे कोणी विचारणार नाही."

संध्याकाळी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. धुलाईच्या खोलीचंही सांगितलं. ती ऐकत होती.

"सांगून बरं वाटलं का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जास्तच लाज वाटली."

ती म्हणाली, "रविवारी येते."