सारसांची एकादशी

चुन्नीलाल पटल्यांच्या कीर्तनात माणसं झोपत. नामाच्या गोडीनं डोळा लागला तर तीही हरीचीच कृपा, असं ते म्हणत. पण मन दुखायचंच.

गोरेगावजवळचं त्यांचं आठ एकर धान सारसांसाठी राखलेलं. औषध मारायचं नाही, आणि घरट्यापासून शंभर पावलांच्या आत जायचं नाही. सारसांचा अभ्यास करणारी आचल पावसाळाभर त्यांच्याच घरी राहत होती. बांधावर तिनं यंत्र लावलं होतं. माणसाचा आवाज गाळून ते फक्त सारसांच्या हाका मोजायचं.

एका सकाळी जेवताना ती म्हणाली, "काका, आषाढापासून दर एकादशीला जोडी दुप्पट ओरडते. चंद्राचाच परिणाम. पुढच्या महिन्यात नागपूरला सरांपुढे मांडणार आहे."

चुन्नीलालांचा घास हातातच राहिला.

"काऊन मुके झाले?" त्यांच्या पत्नी सुखवंताबाई म्हणाल्या. "एकादशीले टाळ घेऊन कुठी जाता, सांगा ना पोरीले. देवळात तं दिसत नाही तुमी."

सांगितलं तर बांध बंद. जन्मात न झोपणारे दोनच श्रोते मिळाले होते, तेही जाणार. न सांगावं, तर पोरगी चारचौघांत खोटी पडणार.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "तो चंद्र मीच होय."

आचलनं कपाळाला हात लावला.

"बांधावर कीर्तन करतो मी. 'बोला' म्हणून थांबलो का नर एक हाक देते, मादी दोन. गावचे लोक तं जांभया देतेत."

"किती जवळून?"

"एकशे एक पावलं. मोजून."

"अंडी सोडून उठतात?"

"नाही वं. अंड्यांवर बसून राहते एक तरी."

आचलनं कपाळावरचा हात काढला. "मग पुढचं कीर्तन द्वादशीला करा. चंद्र की तुम्ही, ते कळेल."

"द्वादशीले? पारण्याच्या दिवशी?"

"हरी तिथी पाहत नाही म्हणून तुमीच सांगता," सुखवंताबाई म्हणाल्या. "आता पंचांग कायले काढून राहिले?"

एकादशीला बांध गप्प, सारसांच्या हाकाही रोजच्याएवढ्याच. द्वादशीला चुन्नीलालांनी नाममहिमा लावला. 'बोला' म्हणताच नराची एक हाक, मादीच्या दोन. आचल वहीत रेघा ओढत होती. तिला उठता येत नव्हतं, हे पाहून त्यांनी आख्यान तासभर वाढवलं.

तिनं सरांना कळवलं. उत्तर आलं: हे काकांचंच वैशिष्ट्य, की कुठल्याही कीर्तनाचं? दुसरे बुवा आणून पाहा.

"बुवा मी निवडतो," चुन्नीलाल घाईनं म्हणाले.

सौंदडच्या खेमराजबुवांचा घसा आठ दिवसांपासून बसला होता. चुन्नीलालांनी लगेच त्यांनाच फोन लावला.