अहो आजी

शेत आता शेत राहिलं नव्हतं. सहलीचं ठिकाण झालं होतं. नांगर भिंतीला टेकून उभा, त्याच्या गळ्यात पाटी. उखळाला पाटी, कणगीला पाटी. पाटी नव्हती ती फक्त म्हातारीला. शाळांच्या बस येत, पोरं धबाधबा उतरत आणि बाई बजावत, "आजींना अहो म्हणायचं हं!" मग दिवसभर अहो आजी, अहो आजी. हाक गोड होती, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून मारल्यासारखी. आत कुणी येत नव्हतं.

घर तिचंच. नवरा गेला तेव्हा लेक म्हणाला, विकून टाकू, माझ्याकडे शहरात चल. तिने ते आहे तसं जपायला एका संस्थेला देऊन टाकलं. "तुला दगडमातीच प्यारी," म्हणून लेक जो गेला तो गेलाच. नात झाल्याचंसुद्धा परक्या तोंडून कळलं. आणि काल अचानक त्याचा फोन. कशी आहेस नाही, काही नाही.

"उद्या तिच्या शाळेची सहल तुझ्याकडे येतेय. तू कोण ते तिला सांगू नकोस."

"नाही सांगत," ती म्हणाली.

तोंडाला कुलूप घालता येतं, मनाला कुठलं घालणार? रक्ताला रक्त कळेल, पोर आपणहून 'ए आजी' म्हणेल, असा त्या खुळ्या मनाने हट्टच धरला.

बस आली. ओळखायला वेळ लागला नाही. एक पोर मान तिरकी करून, एक खांदा उचलून चालत होती. बापाची चाल, अगदी उचलून ठेवलेली. म्हातारीने पदराने उगाच तोंड पुसलं.

"अहो आजी, तुम्ही खऱ्या की मांडलेल्या?" एका गोबऱ्या पोराने विचारलं.

"चिमटा काढून बघ."

त्याने खरंच काढला. हशा पिकला. नातही हसली, पण बाकीच्यांसारखीच, लांबून.

माहिती सांगणारी मुलगी नवी होती. पाठ केलेलं घडाघडा म्हणत होती. "तर मुलांनो, जुन्या काळी या घरात एक कुटुंब राहायचं."

"मग ते लोक कुठे गेले?" नातीने विचारलं.

"गेले असतील शहरात. चला, पुढे गोठा आहे!"

म्हातारी चुलीकडे बघत राहिली. थंड चूल, लिंपून चकचकीत ठेवलेली.

ताक घुसळायला जो तो पुढे धावला. म्हातारीने मात्र नातीलाच बोलावलं. रवीला दोरीचे वेढे, एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या.

"मी ओढली की तू सैल दे, तू ओढलीस की मी. पण हातातून जाऊ द्यायची नाही."

घुर्र घुम्म, घुर्र घुम्म. रवी बोलायला लागली. एक हात सुरकुतलेला, एक कोवळा. जाणारी दोरी, येणारी दोरी. बाकीची पोरं कोंबड्यांमागे पांगली. नातीच्या एवढं जवळ म्हातारीला आजवर कधी बसायला मिळालं नव्हतं.

"अहो आजी, तुमचे हात दुखत नाहीत?"

"दुखतात गं." मग न राहवून ती हळूच म्हणाली, "मला तू म्हटलंस तरी चालेल."

पोरीने मान हलवली. "नको. बाबा म्हणतात, आपल्या माणसांनाच तू म्हणायचं."

"बरोबर सांगतात बाबा," म्हातारी म्हणाली. म्हणाली खरी, पण हातातलं बळच गेलं. दोरी सैल पडली, वेढे घसरले, रवी कलंडली, ताक काठावर उसळलं.

"ए आजी, सोडू नकोस ना!" पोर किंचाळली. आणि लगेच जीभ चावून म्हणाली, "सॉरी, सॉरी. सोडू नका म्हणायचं होतं."

म्हातारीने टोक मुठीत घट्ट आवळलं. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ दिलं नाही.

"नाही सोडत," ती म्हणाली. "ओढ."

तेवढ्यात अंगणातून बाईंची शिट्टी वाजली. लोणी अजून वर आलं नव्हतं. पोरीने आपलं टोक म्हातारीच्या मांडीवर नीट ठेवलं, हात फ्रॉकला पुसले आणि रांगेत उभी राहायला पळाली.

म्हातारीने ते टोक उचललं. दोन्ही टोकं धरून एकटीच घुसळू लागली.