चौकडीतला व्हायोला

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे व्हायोलिन जरा जास्तच जेवलेले दिसते. तसे नाही. मी एक जुना व्हायोला आहे. व्हायोलिनपेक्षा अंगाने मोठा, आवाजाने जाड आणि मानाने कमी. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी पाठ तासण्यात अख्खा हिवाळा घालवला. पहिली तार छेडून तो म्हणाला होता, की हा सावकाश बोलेल, पण खरे बोलेल. पुढे मला खरे बोलू कोणी दिले नाही, ही गोष्ट वेगळी.

मला विकत घेतले तीन भावंडांनी. थोरला पहिले व्हायोलिन वाजवी, मधला दुसरे, थोरल्याची बायको जमिनीवर टेकवायचा मोठा चेलो, आणि मी आलो धाकट्या बहिणीच्या खांद्यावर. शेजारीपाजारी त्यांना 'चौकडी' म्हणत. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत चार खुर्च्या मांडून रोज तालीम चाले. खालचे शिलाई मशीन थांबले की समजावे, आज बरे वाजते आहे.

चौकडीचा एक नियम होता. वाजवताना कोणी चुकले, की सगळ्यांनी थांबायचे आणि ज्याची चूक त्याने न बोलता आपला तारांवर फिरवायचा गज वर करायचा. नावे घ्यायची नाहीत, भांडायचे नाही. नियम थोरल्याचाच, आणि खोटही त्याच्यातच. आमच्या नेहमीच्या रचनेच्या संथ भागात एका ठिकाणी त्याला धीर म्हणून धरवत नसे. तो हमखास एक मात्रा आधी शिरायचा. सगळे थांबत. त्याचा गज काही मांडीवरून हलत नसे. कोणीच कबूल होईना, की तो रागाने व्हायोलिन पेटीत घाली आणि दिवसभर घरात तोंड फुगवून बसे. मग घर शांत राहावे म्हणून धाकटी आपला गज वर करी. पुढे पुढे तर ती त्याच्या पाठोपाठ मलाही एक मात्रा आधीच उडी मारायला लावी. दोघे बरोबर शिरले, की ऐकणाऱ्याला चूक कळत नसे. कार्यक्रमात टाळ्या पडत आणि थोरला वाकून त्या स्वीकारी. मला तिचा राग येई. चांगुलपणालाही काही सुमार असतो.

मग मोठी स्पर्धा जाहीर झाली. जिंकणाऱ्यांना देशोदेशी कार्यक्रम मिळणार होते. धाकटीने त्यासाठी हातची नोकरी सोडली. स्पर्धेच्या तोंडावर थोरल्याने सगळ्यांना समोर बसवून विचारले, "सगळ्यात जास्त गज कोणाचा वर जातो? मी नाही म्हणत, तुम्हीच सांगा."

वहिनी चेलोवर सांडलेली गजाची राळ पुसू लागली. मधला म्हणाला, दादाच्या बोलण्यात तथ्य आहे. अहो, वादकांचे कान ते! सूर केसभर चढला तरी त्यांना कळे. चूक कोणाची, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होते. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली ती अशी. धाकटीला काढले आणि मला ठेवून घेतले, कारण मी म्हणे चौकडीच्या मालकीचा.

तिच्या जागी एक भाडोत्री वादक आला. हात उत्तम, मन कोरडे. कागदावर लिहिले तेवढेच तो वाजवी, कोणासाठी उडी मारत नसे. तालमीत त्या जागी घोटाळा झाला, तेव्हा थोरला 'चला पुढे' म्हणाला आणि विषय संपला. स्पर्धेत मात्र पुढे चालता येईना. थोरला आधी शिरला, आम्ही तिघे मागे राहिलो आणि सगळ्या सभागृहासमोर वाजवणे बंद पडले.

मंचामागच्या खोलीत कोणाचाच गज वर झाला नाही. थोरल्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, या व्हायोलाचा आवाजच उशिरा उमटतो. नाचता येईना, अंगण वाकडे. या वेळी अंगण मी होतो.

धाकटी सभागृहात मागच्या रांगेत बसून आमचे वाजवणे ऐकत होती. ती मंचामागे आली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट बोलली. "दादा, चूक तुझी होती. दर वेळी तुझीच असायची."

थोरला शांतपणे म्हणाला, "मग गज तू का वर करायचीस?"

तिने मधल्याकडे पाहिले, मग वहिनीकडे. मधला आपल्या गजाचा स्क्रू सैल करत राहिला. वहिनीने माझ्या पेटीचे झाकण लावले. आतून मला धाकटीचे रडणे ऐकू येत होते. तिला कोणी जवळ घेतले नाही.

चौकडी त्याच वर्षी मोडली. आज मी थोरल्याच्या कपाटावर पडून आहे. ताणलेल्या तारांनी त्यांच्याखालची माझी घोडी वाकली, छाती चिरली. थोरला आता मुलांना शिकवतो आणि पाहुण्यांना सांगतो, की बहिणीला कष्ट नको होते, म्हणून तिने सोडले. ती या घरात पुन्हा आली नाही. मी तिची फार वाट पाहिली.

मित्रांनो, वाद्य ठेवून देताना तारा जरा सैल करा, कोरड्या फडक्याने पुसा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात किंवा वर्गात नेहमी एकच जण चूक कबूल करत असेल, तर खरा चुकतो कोण, ते कान देऊन ऐका. आणि कळले, की तेव्हाच बोला. नुसते कान तर मधल्याला, वहिनीला आणि धाकटीलाही होते.